ओहोटीबरोबर मागे, भरतीबरोबर पुढे

आज फाल्गुन वद्य पंचमी. थोड्या वेळाने गावात रंग सुरू होतील, पण आत्ता सकाळचे जेमतेम सात वाजलेत आणि तुम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोर्डवॉकवर उभे आहात. पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण होऊन गेली. आता पाणी उतरतंय. दहाच्या आसपास ते तळाला जाईल आणि मग पुन्हा चढू लागेल. आजचा सगळा प्रवास या पाण्याच्या चालीने व्हायचा आहे, तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि कठड्यावरून खाली वाका.

दोन्ही बाजूंना तिवरांची दाटी आहे. मागून ऐरोली पुलावरची मुलुंडकडे जाणारी वाहतूक घोंघावतेय. गंधकाचा उग्र वास नाकात शिरेल, त्याला नाक मुरडू नका. हा चिखल इतक्या बारीक कणांचा आहे की बोटभर खाली हवा पोहोचत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जीवाणू पालापाचोळा कुजवतात आणि या वासाचा वायू सोडतात. वास येतोय म्हणजे पानं कुजतायत, आणि पानं कुजतायत म्हणजे कोळंबीपासून जिताड्यापर्यंत सगळ्यांच्या पोटाची सोय होतेय. त्याच चिखलातून शिसपेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी तिवराची श्वसनमुळं हजारोंनी वर आली आहेत. खाली हवा नाही, म्हणून झाड मुळांना वर पाठवून श्वास घेतं.

हाताशी आलेलं एक पान उन्हाकडे तिरकं धरा. तोडू मात्र नका. पानावर बारीक पांढरे कण चमकतील. बोट फिरवून जिभेला लावा. मीठ. तिवर खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतं. कांदळाची रीत वेगळी, तो बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. एकाच खाडीतली ही दोन झाडं, पण खारेपणाशी त्यांनी आपापल्या पद्धतीने जुळवून घेतलंय.

मुळांच्या मधोमध काहीतरी टुणकन उडालं. निवटी. बोटाएवढा, चिखलाच्याच रंगाचा मासा, पण पाण्याबाहेर. छातीचे पर रोवून तो चालतो, म्हणजे अक्षरशः चालतो. डोळे डोक्याच्या अगदी वर. थोडं थांबून बघा: एक डोळा खोबणीत आत गेला, ओला झाला आणि पुन्हा वर आला. त्वचा ओली असेपर्यंत त्याला तिच्यातून श्वास घेता येतो, म्हणून मध्येच तो कुशीवर लोळून अंग भिजवून घेतो. पाणी उतरलं की खाली सरकायचं, चढलं की वर यायचं किंवा बिळात शिरायचं. शेजारी एक खेकडा आपली एकच अवाढव्य नांगी वरखाली करून मादीला बोलावतोय. त्याची दुसरी नांगी इवलीशी, फक्त खाण्यापुरती. पलीकडच्या ओल्या पट्ट्यावर चार बोटांचे ताजे ठसे आहेत. ते कुत्र्याचेही वाटतील, पण या तिवरांत सोनेरी कोल्हे राहतात, नवी मुंबईच्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर, आणि रात्री ओहोटीला ते खेकडे शोधत फिरतात.

आता नजर पाण्याच्या कडेवर ठेवा. ती मागे सरकतेय. दर मिनिटाला वीतभर चिखल उघडा पडतोय. ती कड सोडू नका, कारण पाण्याबरोबर आता वर्षंही ओसरू लागली आहेत.

पहिल्यांदा आवाज जातो. मागचा पूल गप्प होतो आणि मग तिथे पूलच उरत नाही. खाडी ओलांडणाऱ्या उच्चदाब तारांचे मनोरे एकेक करून मिटतात. पलीकडच्या काठावरचे भांडुप-मुलुंडचे टॉवर विरघळतात आणि त्यांच्या जागी येऊरचा डोंगर पायथ्यापर्यंत दिसू लागतो. पाठीमागे पारसिकच्या डोंगरावरची खोदकामाची खरूज भरून येते, डोंगर पुन्हा हिरवा होतो. तुमच्या पायाखालच्या फळ्या गेल्या आहेत. तुम्ही चिखलात पोटरीपर्यंत उभे आहात आणि तिवरं माघार घेतायत. अर्धीअधिक झाडं जिथे होती तिथे आता पाणी आहे, खोल, वाहतं. हे लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं मागे जाऊ तितकं जंगल वाढेल. या खाडीत मागे जाऊ तितकं पाणी खोल होत जातं.

शिडांची गलबतं उलटी जातात. मिठागरांचे बांध पुसले जातात. ठाण्याचा किल्ला दगड-दगड करून नाहीसा होतो, शिलाहारांची श्रीस्थानक नगरी येते आणि जाते. आणि ओहोटी थांबतच नाही. खाडीचा तळ उघडा पडतो. पाणी शिवडीच्या पुढे जातं, घारापुरी भोवतालच्या जमिनीतून वर आलेला एक डोंगर होते, मुंबईची सात बेटं म्हणजे एका सपाटीवरच्या सात टेकड्या होतात. पाणी तरीही पश्चिमेकडे चाललंय. आज किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर मुंबई हायचे तेलफलाट उभे आहेत, ती जागाही कोरडी पडते. आता कुठे ओहोटी तळाला टेकते.

वीस हजार वर्षांपूर्वीची सकाळ आहे. पृथ्वीवरचं पाणी ध्रुवांकडे बर्फाच्या डोंगरांत अडकलंय आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली आहे. तुम्ही ज्याला ठाण्याची खाडी म्हणता ती एक दरी आहे, डावीकडे पारसिक, उजवीकडे येऊर. दोन्ही डोंगर त्याच काळ्या बेसाल्टचे. तो दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत आला. दरीच्या तळातून ओढ्याचं गोडं पाणी खळखळतंय. खाली बसून ओंजळभर प्या. या जागी उभं राहून तुम्हाला पुन्हा असं पाणी पिता येणार नाही.

समुद्राचा वाससुद्धा इथवर येत नाही. इथे निवटी नाही, कांदळ नाही, चिखल नाही. ते सगळे कुठे आहेत? पाण्याच्या कडेला, इथून कित्येक दिवसांच्या चालीवर, आज जो समुद्राचा तळ आहे तिथे. किनारा तिकडे गेला म्हणून तेही त्याच्या मागोमाग गेले. या जिवांचं गाव म्हणजे नकाशावरचा बिंदू कधीच नव्हता. गोडं आणि खारं पाणी जिथे भेटतं ती पट्टी हेच त्यांचं गाव, आणि ती पट्टी सरकली की गावही सरकतं.

दहा वाजले. पाणी फिरलं.

बर्फ वितळतोय. भरती हजारो वर्षं चालली आहे आणि तुम्ही ती उभ्या-उभ्या बघताय. मुंबई हाय बुडालं. सपाटीवरची रानं खाऱ्या पाण्यात उभी राहून मरतायत. ही कल्पना नाही: 1870 च्या दशकात मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक खणताना कामगारांना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे सापडले, त्यांतले कितीतरी मुळांवर ताठ उभे होते. खैर कोरड्या जमिनीचं झाड. त्या गोदीच्या जागी कधीकाळी लाकूडतोड्या चालत गेला असता. ज्या पाण्याने ते रान गिळलं तेच आता दरीतून तुमच्याकडे येतंय, आधी घोट्याला, मग गुडघ्याला. तुम्ही काठाकडे सरकता. सरकायला जागा आहे.

सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र साधारण आजच्या पातळीला येऊन स्थिरावतो आणि दरीची खाडी होते. उत्तरेला ठाण्याजवळ एका अरुंद वाटेने ती उल्हास नदीशी जोडलेली, दक्षिणेला मुंबई बंदरात उघडणारी. डोंगरांवरून पावसाळ्यात गाळ येतो, भरती तो पसरवते, ओहोटी थोडा परत नेते. आणि एका उधाणाला पाण्यावरून हिरवी, वीतभर लांब, टोकदार काठी तरंगत येते. उचलून हातात धरा. हे कांदळाचं बाळ आहे. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, आईच्या फांदीवर लोंबकळत वाढतं आणि तयार रोप होऊन गळून पडतं. मऊ चिखल मिळाला तर तिथेच रुततं, नाही तर आठवडे-महिने तरंगत पुढच्या किनाऱ्याचा शोध घेतं. हातातलं रोप चिखलात सोडा. पाणी उतरेपर्यंत त्याने मुळं धरली तर धरली.

इथून पुढे माणसांची भरती आहे आणि ती जोरात येते. काठावर मचवे लागतात. हजार वर्षांपूर्वी उत्तर कोकणचे शिलाहार इथून वर, खाडीच्या टोकाला राजधानी करून बसलेत. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो ठाण्याच्या राज्याबद्दल लिहून ठेवतो, इथल्या कातड्याच्या आणि घोड्यांच्या व्यापाराबद्दल, चाच्यांबद्दल. पोर्तुगीज येतात, किल्ला बांधायला घेतात, 1737 मध्ये मराठे तो जिंकतात, 1774 च्या अखेरीस इंग्रज घेतात. बुरुजावरचं निशाण बदलत राहतं. खाली चिखलात वाकलेल्या बायकांची पाठ मात्र तशीच वाकलेली आहे, आणि मला विचाराल तर खाडीचा खरा इतिहास त्यांच्याकडे आहे. थांबायचं तर त्यांच्यापाशी थांबू.

16 एप्रिल 1853. शनिवार, दुपार टळलेली. तुम्ही ऐरोलीच्याच काठावर आहात, चिखल अजून उघडा आहे आणि तुमच्या पुढे कासोटा घट्ट मारलेली एक आगरी बाई कमरेला पाटी बांधून चिखलात उतरतेय. तुम्ही मागोमाग पाऊल टाकता आणि गुडघ्यापर्यंत रुतता.

"पाय रोवू नको, सरकव," ती वळूनही न बघता म्हणते.

तिचा हात कोपरापर्यंत बिळात जातो. बीळ निवटीचं आहे की चिंबोरीचं, ते तिला तोंडाच्या आकारावरून कळतं. चिंबोरीच्या बिळाबाहेर उकरलेल्या मातीचा ढीग बघून आत खेकडा आहे की नाही तेही कळतं. हात बाहेर येतो तेव्हा मुठीत निवटी वळवळत असते. पाटीत तळाला शिवल्या आहेत, त्यांच्यावर निवट्या, आणि चिंबोऱ्या वेगळ्या, नांग्या बांधून. आज घरात कालवण काय होणार ते तिथीवरून ठरतं. तिला भरतीची वेळ विचारा. तिथी सांगेल आणि तिचे पाऊणपट करायला सांगेल. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती भरणार. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागे चालतं, हे गणित या काठावर पंचांगाएवढंच मुरलेलं आहे.

पलीकडच्या काठावर मिठागरांचे चौकोन उन्हात लखलखतायत. उधाणाचं पाणी बांधातल्या उघाडीतून आत घ्यायचं, उघाडी बंद करायची, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत ते उन्हाने आटवायचं आणि पांढरी साय धरली की फावड्याने ओढायची. एप्रिल म्हणजे मिठाचा भर हंगाम, पावसाच्या आत सगळं रास करून झाकायचं. त्या वाफ्यांच्या बांधांवर पांढऱ्या-काळ्या शेकाट्यांची जोडपी लांब गुलाबी पाय टाकत फिरतायत. माणसाने खाडीकडून जागा घेतली आहे खरी, पण पाण्याची ये-जा तोडलेली नाही, त्यामुळे पक्ष्यांनी ती आपलीच मानली आहे.

बाई ताठ उभी राहते. मिठागरांच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याने धुराची एक रेघ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतेय. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली चौदा डब्यांची गाडी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून सुटली आहे, आत सुमारे 400 पाहुणे आहेत, आणि ती ठाण्याला निघाली आहे. पुढच्याच वर्षी हे रूळ ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचतील. बाई क्षणभर धूर बघते आणि पुन्हा वाकते. चिखल बुडायला थोडाच वेळ उरलाय. तुम्ही आकाश शोधताय ते मला कळतंय. तुम्ही गुलाबी रंग बघायला आला आहात. पण खाडी अजून खोल आहे, तिच्यातून गलबतं चालतात, आणि अग्निपंखांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, आजच्यासारख्या गर्दीला लागणारा मैलोगणती उथळ चिखल इथे साठलेलाच नाही. ती गर्दी यायला अजून जवळजवळ दीडशे वर्षं आहेत.

भरती पुढे ढकलते. 1960 च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची धुराडी उभी राहतात. पाण्याला वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा रंग असतो. 1973 मध्ये वाशीचा पूल खुला होतो. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नव्या शहरासाठी 95 गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली आहे, आणि ज्या खारजमिनीला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला तिच्यावर भराव पडतोय. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाट्याला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरतात. गोळीबारात पाच जण जातात, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना येते. खाडीच्या काठची गावंही सरकवली गेली हे बोर्डवॉकवरून पक्षी बघताना विसरू नये. आज तुम्हाला होडीतून नेणारा, बगळा आणि वंचक यांतला फरक दाखवणारा माणूस बहुधा याच गावांतला असतो. कारखान्यांच्या पाण्याने मासळी गेली तेव्हा त्याच्या वडिलांनी जाळी माळ्यावर टाकली होती.

आता जरा विचित्र गोष्ट बघायची आहे. 1990 च्या दशकाची सुरुवात. खाडी कधी नव्हे इतकी मळलेली आहे. मुंबईचं सांडपाणी पश्चिमेकडून येतंय, पूर्वेकडून कारखान्यांचं, आणि दोन्हीकडच्या बांधकामांचा, भरावांचा, खणलेल्या डोंगरांचा गाळ तळाला बसतोय. पूल झाल्यावर प्रवाहाचा जोरही मंदावलाय. खाडी उथळ होतेय. 1853 मध्ये जिथे गलबत चालायचं तिथे ओहोटीला चिखलाची पठारं उघडी पडतायत. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर त्या चिखलात शेवाळ माजलंय, डोळ्यांना न दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाची साय. बहुतेक माशांना हे विष. पण शिवडीच्या जेटीजवळ एका हिवाळ्यात उत्तरेकडून एक थवा उतरतो, माना खाली घालतो आणि खाऊ लागतो. पुढच्या वर्षी आणखी येतात. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी.

हे धाकटे अग्निपंख, म्हणजे रोहित पक्ष्यांतली लहान जात. त्यांच्याबरोबर उंच, फिक्या रंगाचे मोठे अग्निपंखही आहेत, पण गर्दी धाकट्यांची. कच्छच्या रणात पाऊस झाला की ते तिकडे घरटी करतात. तिथलं खारं पाणी आटलं की खायला इकडे येतात. आपल्याला असं वाटू शकतं की घाणीनेच पक्षी आणले, मग घाण बरी. तसं नाही. मळाची एक मात्रा शेवाळ वाढवते, त्यापुढची मात्रा पाण्यातला प्राणवायू संपवून सगळंच मारते. दरम्यान साचलेल्या गाळावर तिवरं पसरतायत. झाडं वाढली याचा आनंद व्हायला हवा आणि होतोही, पण प्रत्येक नव्या तिवराखाली अग्निपंखांच्या चराईचा तेवढा तुकडा जातो. या खाडीत एकाचं भलं झालं की शेजाऱ्याचं ताट लहान होतं, आणि ज्यांना तिची राखण करायची आहे त्यांना हे दोन्ही एकत्र सांभाळावं लागतं.

पाणी चढतंय, वर्षं भराभर येतायत. 26 जुलै 2005: सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, आणि शहराला कळतं की तिवरं आणि पाणथळी बुजवल्या की पाणी घरात येतं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालय कांदळवनांच्या तोडीला आणि त्यांच्यापासून 50 मीटरांतल्या भरावाला बंदी घालतं. 2018 च्या निकालात कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग असं म्हणतं. 2012 मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहतो. 2015 मध्ये इथल्या 1690 हेक्टरांचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य होतं, 2022 मध्ये खाडी पाणथळींच्या रामसर यादीत जाते. आणि तुमच्या तळव्यांखाली पुन्हा फळ्या येतात.

दुपार कलते आहे. तुम्ही बोर्डवॉकवरून जेटीवर आणि जेटीवरून होडीत. नावाड्याने इंजिन मंद केलंय. समोर उरलेल्या चिखलाच्या पट्टीवर काठापासून काठापर्यंत गुलाबी रेघ आहे. दुर्बीण लावा आणि एकाच पक्ष्यावर स्थिर करा, थवा नंतर बघा.

मान खाली गेली. डोकं संपूर्ण उलटं झालं, वरची चोच खाली, खालची वर. गडद लाल, जवळजवळ काळी चोच पाण्यात डावी-उजवीकडे हलतेय. तिच्या आतल्या कडांना अतिसूक्ष्म झालर आहे. जीभ आत दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी ओढते आणि ढकलते. शेवाळ झालरीत अडकतं, पाणी परत जातं. पिसांचा रंग त्या शेवाळातल्याच द्रव्यांचा. ज्याला अजून रंग चढलेला नाही, तो मळकट राखाडी पक्षी या नाही तर गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू. त्याच्या पायांकडे बघा. पायांवर चिखलाची ओली खूण आहे आणि पाणी आता त्या खुणेच्या वर चढलंय.

तो मान वर करतो. शेजारचाही करतो. उथळ पाण्यातच त्यांना खाता येतं. पाणी फार खोल झालं की चराई संपली. एकेक रांग चालू लागते, चालता-चालता धावते, पंख उघडतात आणि काळ्या-लाल पट्ट्यांनी आभाळ भरतं. होडीतली सगळी माणसं एकदम बोलू लागतात. तुम्ही बोलू नका, दिशा बघा. ते कुठे निघाले?

ते सीवूड्स-नेरूळच्या तळ्यांकडे निघालेत, भांडुपच्या उदंचन केंद्राजवळच्या पाणथळीकडे निघालेत. चिखल पाण्याखाली जातो ते सहा-आठ तास त्यांना पाय टेकायला, पिसं साफ करायला, एका पायावर झोपायला उथळ पाणी लागतं, आणि ते खाडीबाहेर, वस्तीला लागून असलेल्या या तळ्यांत मिळतं. 2022 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी काही अग्निपंखांच्या अंगावर उपग्रहाने माग देणारी छोटी यंत्रं बसवली. त्यांतल्या एकाला पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं नाव दिलं होतं. गुजरातपर्यंतचा लांबचा प्रवास त्यातून कळलाच, पण खाडी आणि या तळ्यांमधली रोजची ये-जाही दिसली. अभयारण्याची हद्द मात्र खाडीपुरती आखलेली. या तळ्यांत येणारं भरतीचं पाणी पाइप बुजवून अडवलं, तळं सुकलं, तर अभयारण्यातला सगळा चिखल शाबूत असूनही पक्ष्यांना अर्धा दिवस जागा नाही. एप्रिल 2024 मध्ये नेरूळच्या एका तळ्याचं पाणी असं आटलं आणि तिथे अग्निपंख मेले. पुढच्याच महिन्यात घाटकोपरवर रात्री विमानाची धडक बसून एका थव्यातले तीसहून अधिक पक्षी इमारतींमध्ये पडले.

वीस हजार वर्षांत इथल्या एकाही जिवाने समुद्राला थांब म्हटलं नाही. पाणी आलं तेव्हा सगळे सरकले, पाणी गेलं तेव्हा सगळे सरकले. त्यांना लागते ती सरकायची जागा, आणि ती आज नकाशावर बोट ठेवून दाखवता येते इतकी थोडी उरली आहे. सीवूड्स-नेरूळची दोन-तीन तळी, भांडुपची पाणथळ, मुलुंड-कांजूरची मिठागरं. यांतलं प्रत्येक नाव पाठ करून ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. वर्तमानपत्रात त्यांच्यापुढे 'पडीक जमीन' असं छापून येईल तेव्हा तुम्हाला ते लगेच ओळखू यायला हवं.

होडी जेटीला लागते. गावातून रंगलेल्या चेहऱ्यांची पोरं काठावर आली आहेत. तिवरांचे बुंधे आता पाण्यात आहेत, पेन्सिली बुडाल्या आहेत, निवट्या बिळांत किंवा मुळांवर चढून बसल्या आहेत. नावाडी दोर बांधताना विचारतो, परत कधी येणार. उद्या यायचं असेल तर उद्या षष्ठी. सहाचे पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, म्हणजे पावणेअकराच्या आसपास ओहोटी तळाला. आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा निघालात तरी चालेल. उन्हासाठी टोपी घ्या, आणि दुर्बिणीची काच पुसायला सुती फडकं. खाऱ्या हवेने ती दहा मिनिटांत धुरकट होते.